बयाबाईनं भरलेला पिट्टू

आटपाडीच्या माळावरची धनगरांची बिऱ्हाडं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरतात. त्यांच्यात कामाची एक वाटणी फार जुनी आहे. मेंढरं पुरुषांची आणि घोडी बायकांची. पुरुष पहाटेच मेंढरं हाकत रानारानानं पुढं निघतात. मागं उरलेलं घर, म्हणजे भांडी, वाकळा, पीठ, जातं, कोंबड्या, रात्रीच व्यालेल्या मेंढीची कोकरं, हे सगळं घोड्याच्या पाठीवर चढवायचं काम बायकांचं. संध्याकाळी पुरुष नव्या तळावर पोचतात तेव्हा चूल पेटलेली असते. मधल्या वेळात काय बांधलं, काय सुटलं आणि किती वेळा पुन्हा बांधलं याची त्यांना खबर नसते, आणि ते विचारतही नाहीत.

या कामात बयाबाईचा हात धरणारं त्या बिऱ्हाडांत कुणी नव्हतं. तिनं आवळलेली दोरी वाटेत ढिली झाली असं कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या घोडीवर अंड्यांची पाटी बसवली तर ती कराडच्या बाजारात जशीच्या तशी उतरायची.

हे काही ती आईच्या पोटातून शिकून आली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी येरळा ओलांडताना तिनं बांधलेलं ओझं फिरून घोडीच्या पोटाखाली गेलं होतं आणि घरचं जातं नदीत पडलं होतं. त्या साली दळण दुसऱ्यांच्या जात्यावर झालं. सासू धोंडुबाई तिला रागावली नाही. संध्याकाळी तिला घोडीजवळ नेलं, खोगीर उतरवलं आणि सुनेचा तळहात घोडीच्या सोललेल्या पाठीवर ठेवला.

"घोडं सांगत न्हाई कुटं दुकतंय ते," ती म्हणाली. "आपुन बगायचं."

तेव्हापासून बयाबाईची रीत पडली. तळावर पोचलं की चुलीच्या आधी घोडीची पाठ. केस कुठं दबलेत, कुठं घाम जास्त आलाय, कुठली जागा हात लावल्यावर थरथरते, एवढं बघितलं की दिवसभर ओझं कसं बसलं होतं ते तिला कळायचं. दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणं गाठ इकडची तिकडं व्हायची.

आणखी एक गोष्ट तिला जमायची. ती म्हणजे नाही म्हणणं. निघायच्या दिवशी प्रत्येकीला वाटायचं की आपलं गाडगं, आपली मोडकी चाळण, आपला दगडी वरवंटा घोडीवर चढावा. बयाबाई कुणाशी भांडायची नाही. ती वस्तू हातात घ्यायची, तोलून बघायची, आणि परत देताना म्हणायची, "ह्ये पुढल्या घोड्यावर." पुढलं घोडं कधीच नसायचं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरी असं म्हटल्यावर कुणाला राग येत नसे.

सन पंचेचाळीसच्या दिवाळीत तिचा नवरा आकाराम पलटणीतून रजेवर आला. लढाई संपली होती, पण पलटणीनं त्याला सोडलं नव्हतं. तो काश्मीरच्या वरच्या अंगाला, पलटणीच्या बर्फाच्या शाळेत होता. उंच, काटक, पायानं हलका माणूस. लहानपणी मेंढरामागं डोंगर पालथे घातलेले. येताना त्यानं खांद्यावर कंडम मालातले दोन पिट्टू, म्हणजे पाठीला अडकवायच्या पलटणी पिशव्या, आणले होते आणि त्यांत सगळ्यांना पुरतील एवढे अक्रोड भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हायला बसला. बयाबाई पाठीवर पाणी ओतत होती. ओतता ओतता तिचा हात थांबला. दोन्ही खांद्यांवर काळे पट्टे होते आणि कमरेच्या वर, मणक्याच्या दोन बाजूंना, जुन्या सोललेल्या जागा होत्या. कातडं नवं आलं होतं, पण खूण गेली नव्हती.

"कुणी लादलं तुमास्नी?" तिनं विचारलं.

आकाराम हसला. "म्या काय घोडं हाय?"

"घोड्याची पाठ म्या अशी हू देत न्हाई."

त्यानं पाणी अंगावरून निथळू दिलं आणि मग म्हणाला, "माजं म्याच लादलं हुतं."

संध्याकाळी शेकोटीपाशी त्यानं सगळं सांगितलं. ऐकायला आई धोंडुबाई होती, भावजय बनाबाई होती आणि बिऱ्हाडांचा म्होरक्या असलेला त्याचा चुलता तात्याबा होता. तात्याबा ऐकायचा कमी आणि विचारायचा जास्त.

"पायाला लांब फळ्या बांदायच्या आन् बर्फावरनं घसरत जायाचं," आकाराम म्हणाला.

"फळ्या कशापायी?"

"कमरंएवढं रुततंय तात्या. फळी लांब आसली की वझं पसरतं, माणूस वर ऱ्हातो."

"आन् चढाला? फळी मागं येनार की घसरत."

"चढाला तळाशी कातडं बांदायचं. केसं मागल्या अंगाला. फळी फुडं सरकती, मागं न्हाई."

तात्याबानं शेजारी बसलेल्या मेंढ्याच्या पाठीवरून हात एकदा सुलटा फिरवला, एकदा उलटा फिरवला आणि मान डोलावली. कातड्याचं त्याला पटलं.

"वर चारा हाय का?"

"न्हाई."

"मग कशाला जायाचं?"

"साहेब म्हणतो म्हणून."

"जाऊन काय करायचं?"

"दुसऱ्या अंगानं उतरायचं."

तात्याबानं धोंडुबाईकडं पाहिलं. तुझा पोरगा सरकारनं कुठल्या कामाला लावलाय बघ, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

आकारामची अडचण मात्र खरी होती. रिकाम्या पाठीनं तो शाळेत सगळ्यांत चांगला घसरायचा. पण हिवाळ्याच्या शेवटी सगळ्यांना एक मोठी फेरी करावी लागे. पिट्टू पाठीला, त्यात अंथरूण, शिधा, स्टोव्ह, रॉकेल, दोर, सगळं. डोंगर चढायचा, वरच्या झोपडीत रात्र काढायची, डोंगराच्या धारेनं पुढं जायचं आणि पलीकडून उतरायचं. गेल्या हिवाळ्यात पिट्टू पाठीला लागला आणि आकाराम दुसराच माणूस झाला. वळायला गेला की पिट्टू आधी वळायचा आणि त्याला घेऊन पडायचा. पडला की फळ्यांसकट उठायला वेळ लागायचा. मागची सगळी रांग थंडीत उभी राहायची. साहेबानं त्याला पहिल्याच झोपडीवरून परत पाठवलं, आणि तिथून पुढचे सगळे दिवस त्यानं लंगरात कणीक मळत काढला.

"मला कनीकराम म्हनत्यात तितं," तो म्हणाला. बनाबाईनं पदर तोंडाला लावला. "हसा. पर येत्या हिवाळ्याला येकच फेरी मिळनार हाय. पडलो न्हाई तर उस्तादांत, शिकवनाऱ्यांत घेतील. पडलो तर कायमचा लंगरात."

 वडीलधाऱ्यांच्या देखत बयाबाई नवऱ्याशी बोलायची नाही, आणि चुलतसासऱ्याशी तर थेट कधीच नाही. पण सकाळी उजाडायच्या आत तिनं दोन्ही पिट्टू अंगणात उलटे करून झटकले होते.

"काय काय न्यावं लागतंय ते सांगा," ती म्हणाली. "आन् किती जड, ते."

खरं सामान तिथंच शाळेत होतं. म्हणून जे हाताशी होतं त्यातून त्यांनी सोंगं उभी केली. रॉकेलच्या जागी पाणी भरलेला डबा. स्टोव्हच्या जागी ओढ्यातला गोटा. दोराच्या जागी कासरा. फळ्यांना लावायच्या कातड्यांसाठी बोकडाचं जुनं कातडं. जादा मोजे, हातमोजे आणि लोकरीची बंडी आकारामची स्वतःचीच होती. फळी मोडली तर बांधायला तार, वादी आणि पक्कड लागते असं तो म्हणाला, तेव्हा तिनं बैलगाडीवाल्याकडून तेही आणलं. प्रत्येक वस्तू तिनं त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "येवडी?" तो म्हणायचा, "वाइच हलकी," किंवा "जड." मग ती डब्यातलं पाणी कमी करायची किंवा गोटा बदलायची.

आता पिट्टू कुठला घ्यायचा हे ठरवायचं होतं. शाळेच्या भंडारात दोन्ही जातींचे होते आणि मागेल तो मिळत होता. आणलेल्यांतला एक मोठा, बाहेरून मोठमोठे खिसे, आणि पाठीशी लोखंडी सांगाडा. दुसरा लहान, साध्या कंतानी कापडाचा, सांगाडा बिंगाडा काही नाही, बाजूला दोन बारके खिसे आणि चामड्याचे पट्टे.

तात्याबाचं मत लगेच पडलं. "मोठा घे. जागा आसली की काय बी टाकता येतंय."

बयाबाईलाही मोठाच पसंत पडला, पण वेगळ्या कारणानं. तो लोखंडी सांगाडा तिला खोगिरासारखा वाटला. ओझं पाठीपासून सुटं राहणार, पाठीला वारा लागणार. तिनं घोडीवर भरतात तसाच तो भरला. जड सामान दोन बाजूंच्या खिशांत, अगदी समसमान, एकीकडं गोटा तर दुसरीकडं डबा. मध्ये अंथरूण. भरून झाल्यावर तिनं तो एका बोटावर टांगला. पिट्टू तागडीच्या काट्यासारखा सरळ राहिला.

बिऱ्हाडं निघाली. आकारामनं या खेपेला मेंढरामागं न जाता घोड्यांबरोबर चालायचं ठरवलं. पिट्टू पाठीला, कमरेत वाकलेला, आणि पुढं मागं बायकाच बायका. वाटेत भेटणारे लोक थांबून बघायचे.

"ह्ये कुटलं घोडं म्हनायचं?" एका गुराख्यानं विचारलं.

"सरकारी," बनाबाई म्हणाली.

विट्यापर्यंत सगळं झकास गेलं. सपाट वाटेला पिट्टू हलत नव्हता. आकाराम बायकोकडं बघून मान हलवायचा आणि तिला बरं वाटायचं. येरळेच्या अलीकडं एक ओढा लागला. फार मोठा नाही, उडी मारण्याजोगा. आकारामनं उडी मारली. पाय पलीकडं पोचले, पण दोन्ही बाजूंची वजनं जागची निघाली, आधी मागं गेली, मग झोल खाऊन डावीकडं फिरली. आकाराम हात पसरून एक क्षण उभा राहिला आणि मग आभाळाकडं बघत चिखलात बसला.

घोडीसुद्धा थांबून बघायला लागली. बायका पोट धरून हसल्या, धोंडुबाई सगळ्यांत जास्त.

बयाबाई हसली नाही. कराडपर्यंत अंडी न फोडता नेणारी बाई ती. आणि इथं नवरा सांडला होता.

त्या दिवसाच्या उरलेल्या वाटेत तिच्या डोक्यात तेवढंच होतं. तागडी तर बरोबर होती, मग चुकलं कुठं? पुढं बनाबाई चालत होती. तिनं तान्ही पोर पाठीशी लुगड्याच्या पदरात बांधली होती. पोर जागी झाली आणि मागं रेलून झाडं बघायला लागली. लगेच बनाबाई पुढं वाकली, पाय जपून टाकायला लागली आणि पोरीला शिव्या द्यायला लागली. थोड्या वेळानं पोरीला झोप लागली. ती आईच्या पाठीला पोट लावून, मान खांद्यामागं टेकवून पडली. बनाबाई सरळ झाली आणि पूर्वीसारखी झपाझप चालू लागली. पोर तीच, वजन तेच.

बयाबाई पुढं धावली. "बनाबाई, थांब वाइच." तिनं पोरीच्या आणि आईच्या पाठीच्या मध्ये बोट घालून बघितलं. बोट जात नव्हतं.

"काय बगतीस?" बनाबाईनं विचारलं.

"काय न्हाई. बग, ही पाठीला चिकटलीया."

"मग काय सुटी सोडू?"

घोड्याची पाठ आडवी असते आणि त्याला पाय चार. त्याच्यावर ओझं दोन बाजूंना टांगलं की ते बसतं. माणूस उभा, पाय दोन. त्याच्या पाठीवर ओझं जेवढं बाहेर आणि जेवढं बाजूला, तेवढं ते त्याला ओढणार. सांगाड्यानं पाठीला वारा लागत होता खरा, पण तोच सांगाडा सगळं वजन पाठीपासून वीतभर लांब धरून ठेवत होता. हे बयाबाईनं असं शब्दांत कुणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी घोडीची पाठ बघून झाल्यावर तिनं मोठा पिट्टू तात्याबाच्या पुढं ठेवला.

"मामंजींना म्हनावं, ह्यात कोंबड्या ठिवा," ती सासूला म्हणाली.

आता लहान पिट्टू. आणि लहान पिट्टूत सगळं मावत नव्हतं. ही खरी कसोटी होती. तिनं सामान घोंगड्यावर पसरलं आणि नवऱ्याला एकेका वस्तूबद्दल विचारायला सुरुवात केली.

"ह्ये दोन सदरे कशाला?"

"एक वला झाला तर."

"लोकरीची बंडी हाय की. येक सदरा पुढल्या घोड्यावर. आन् ही आरशी?"

"दाडी करायला."

"चारा नसलेल्या डोंगरावर दाडी कोन बगनार हाय? पुढल्या घोड्यावर."

साबणाची वडी अर्धी झाली. मोज्यांचे गोळे करून कोपऱ्यांत गेले, म्हणजे आत काही हलायला जागा उरायला नको. अंथरूण तळाला, कारण ते हलकं आणि रात्रीशिवाय लागत नाही. त्याच्यावर, अगदी पाठीला लागून आणि खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये, रॉकेलचा डबा. बंडीत गुंडाळून, म्हणजे टोचू नये आणि गळलं तर अंथरुणापर्यंत जाऊ नये. डब्याच्या अंगाला स्टोव्हचा गोटा, त्याच्या बाहेर दोर. कातडी सगळ्यांत वर, कारण डोंगरमाथ्यावर काढायची आणि पुढच्या चढाला पुन्हा बांधायची. तळावर पोचल्या पोचल्या जे लागतं ते शेवटी भरायचं, हे तिला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. मग तिनं पिट्टूचं तोंड आवळलं, तो कानाशी धरून हलवला आणि ऐकलं. आत काही वाजत होतं. पुन्हा सोडला, पक्कड मोज्यात घातली, पुन्हा आवळला. या वेळी आतून आवाज आला नाही.

शेवटी घोडीचा एक जुना, शेळीच्या केसांचा तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, घेतला आणि पिट्टूच्या बुडाला शिवून त्याचं टोक आकारामच्या कमरेभोवती बांधलं.

"आता वळा," ती म्हणाली.

आकाराम वळला. पिट्टू त्याच्याबरोबर वळला, आधी नाही आणि नंतरही नाही.

पण अजून बाकीची बिऱ्हाडं होती. रजेवरून जाणाऱ्या माणसाला रिकाम्या हातानं कोण जाऊ देतं? कुणी गुळाची ढेप आणली, कुणी लोणच्याची बरणी. बयाबाईनं एकेक हातात घेतली, तोलली आणि परत दिली. सगळ्यांत अवघड धोंडुबाईचं होतं. तिनं लेकासाठी खास सांगलीच्या बाजारातून नवं काळं घोंगडं आणवलं होतं, आणि ते पिट्टूएवढंच होतं.

"ह्ये तरी न्हाई म्हनू नगंस," ती सुनेला म्हणाली. "बर्फात जातोय त्यो."

बयाबाईनं घोंगडं तोललं. ओलं झालं की ते दुप्पट जड होणार, हे तिला माहीत होतं आणि धोंडुबाईलाही माहीत होतं.  मग बयाबाई म्हणाली, "आत्याबाई, कातर द्या." घोंगड्याच्या काठाची रुंद पट्टी तिनं कापली, दुहेरी केली आणि पिट्टूच्या पाठीकडच्या अंगाला, कमरेच्या वर टेकते तिथं, टाके घालून बसवली. उरलेलं घोंगडं सासूच्या खांद्यावर टाकलं.

"समदं घोंगडं फाडलंस की गं," धोंडुबाई म्हणाली. पण ती त्या पट्टीवरून हात फिरवत होती.

दोन बाजूचे बारके खिसे उरले होते. त्यात त्या फेरीच्या वाटेतलं खाणं. बनाबाईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू आणि घरची कडक बाजरीची भाकरी, वर लसणाची चटणी. बयाबाईनं दोन्ही हातांत दोन पुडकी तोलली आणि डाव्या खिशात लाडू, उजव्या खिशात भाकरी-चटणी घातली. वजन सारखं.

"खाताना दोनी बाजूचं सारकं खावा," ती म्हणाली. "घोडीवरचं पीठ आमी असंच काडतो. येकाच अंगाचं काडलं की वझं फिरतं."

"बरं," आकाराम म्हणाला.

कराडच्या अलीकडं, सदाशिवगडाच्या पायथ्याला हंबीररावांचा ऊस होता. दर साली त्यांच्या मोकळ्या रानात बिऱ्हाडांची मेंढरं खतासाठी बसायची. हंबीरराव मोकळ्या स्वभावाचा माणूस. त्यांचं गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालं होतं. पिट्टूची हकिकत ऐकल्यावर त्यांनीच विचारलं, "मग करून का बघत न्हाईस?"

"बर्फ कुटं हाय?"

"गवात हाय की." त्यांनी गडाच्या उताराकडं बोट दाखवलं. वाळून पिवळं झालेलं, आडवं पडलेलं गवत उन्हात चमकत होतं. "पोरं पोत्यावर बसून घसरत्यात. तू उभा ऱ्हाऊन घसर."

गुऱ्हाळावरच्या सुतारानं दोन लांब फळ्या तासून दिल्या, पुढची टोकं थोडी वर वळवल्यासारखी. आकारामनं त्यांना खालून मेण चोळलं आणि वाद्यांनी पाय बांधले. बातमी आधीच पसरली होती. ऊस तोडणारे कोयते टाकून आले. तात्याबा मेंढरं सोडून आला, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात कधी झाली नव्हती.

बयाबाई उतारावर उभी होती, गर्दीपासून लांब. पदर दातात धरलेला.

आकारामनं गुडघे वाकवले आणि सुटला. फळ्या गवतावर सळसळत गेल्या. उतार सरळ होता तोवर ठीक. मध्ये एक काळा खडक होता, तिथं त्याला वळायलाच हवं होतं. तो वळला. पिट्टू वळला. पलीकडं खाचखळग्याला तो गुडघ्यात दबला आणि पुन्हा वर आला. लोकांनी श्वास सोडला. आणि त्याच वेळी पिट्टूच्या झाकणातून काहीतरी उसळलं आणि आकारामच्या टाळक्यात ठण् करून बसलं. तो तसाच, डोकं धरून, न पडता, खाली चिपाडांच्या ढिगात गेला आणि दिसेनासा झाला.

चिपाडातून बाहेर आल्यावर त्यानं झाकण उघडलं. आत पितळेचा तांब्या होता.

बयाबाईनं तो तांब्या ओळखला. तिनं तात्याबाकडं बघितलंही नाही. सासूकडं तोंड करून म्हणाली, "मामंजींचा तांब्या पिट्टूत चालत कसा ग्येला, ते इचारा."

"तान लागली तर?" तात्याबा म्हणाला. तो पुतण्याकडं बघत होता. "येवड्या लांब जातोय. पान्याला कायतरी नगं?"

"तात्या," आकाराम टाळकं चोळत म्हणाला, "बर्फ म्हंजी पानीच की."

"ते मला काय ठावं."

हंबीररावांनी तांब्या उन्हात धरून बघितला. "पोचा आलाय," ते म्हणाले. "आकाराम, डोकं दाव बघू, त्याला न्हाई ना आला?"

तांब्या काढून आकाराम पुन्हा चढला आणि पुन्हा घसरला. दिवस मावळेपर्यंत तो वर चढत आणि खाली येत राहिला. शेवटच्या शेवटच्या खेपांना खडकाच्या डाव्या अंगानं वळू की उजव्या, असं वरून ओरडून विचारायला लागला होता. संध्याकाळी बयाबाईनं पिट्टू उतरवला, त्याला दिव्याकडं पाठ करून बसवलं आणि घोडीच्या पाठीसारखाच हात फिरवला. पट्टी होती तिथं घाम होता, पण सारखा. खांद्यावर लाली होती, पण दोन्हीकडं तेवढीच. तिनं एक टाका उसवून पट्टी बोटभर वर घेतली.

दोन दिवसांनी तो कराडच्या स्टेशनातून गाडीत बसला.

हिवाळा गेला. बयाबाईनं देवाला नवस बोलला नाही, कारण पिट्टू तिनं भरला होता आणि त्यात देवाला मध्ये घालणं तिला बरोबर वाटलं नाही. पण संध्याकाळी घोडीच्या पाठीवर हात फिरवताना तो हात जरा जास्त वेळ रेंगाळायचा. आता चढावर असतील. आता उतारावर असतील. बिऱ्हाडं कृष्णाकाठ सोडून उन्हातान्हात माघारी आटपाडीला आली तरी तिकडून काही कळलं नाही.

ऐन जेठाच्या तोंडाला, एका दुपारी आकाराम माळावरून चालत आला. पाठीला तोच लहान पिट्टू. उन्हानं काळा पडलेला, नाकाचं कातडं सोललेलं. तोंडावरून काही समजत नव्हतं. पोरं त्याच्याकडं धावली. धोंडुबाई उंबऱ्यात उभी राहिली. तात्याबानं विचारलं, "काय रं, लंगर का उस्ताद?" आकारामनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"थांबा," बयाबाई म्हणाली. थोरल्या माणसांच्या देखत ती नवऱ्याशी पहिल्यांदाच अशी बोलली. "आदी सदरा काडा. पाठ फिरवा."

आकारामनं सदरा काढला आणि पाठ फिरवली.

कमरेच्या वरच्या जुन्या जागा बऱ्या झाल्या होत्या. नवी एकही नव्हती. मणक्याच्या दोन्ही अंगांना कातडं सारखं आणि साफ होतं. तिचा हात वर गेला. डावा खांदा स्वच्छ. उजव्या खांद्यावर मात्र पट्ट्याच्या जागी करवंदाएवढा एक डाग होता, खपली पडून गेलेला.

तिनं त्या डागावरून बोट फिरवलं. मग तिनं जमिनीवरचा पिट्टू उचलला, डावा खिसा चाचपला, उजवा चाचपला. उजव्यात हात घातला आणि पुडकं बाहेर काढलं. भाकरी होती. चटणीसकट. दगडासारखी.

"लाडू तेवडं खाल्लं," ती म्हणाली.

आकारामच्या पाठीवरचा एक स्नायू हलला. "थंडी लय हुती गं. लाडू ग्वाड लागतो थंडीत. दुसऱ्या दिवशी कळलं मला, वझं उजवीकडं वढाया लागलंय. पर तवर डावा खिसा रिकामा झालाता."

"मग उजव्यातलं टाकून द्यायचं."

"घरची भाकरी बर्फात टाकू?"

 "मग पडला," ती म्हणाली.

"न्हाई." तो अजून पाठ करूनच उभा होता. "शेवटच्या उताराला निस्तं उजवीकडंच वळता यायचं. म्हून म्या समदा डोंगर उजवीकडं वळत वळत उतरलो. मागं बाकीची सारी, माज्याच फळ्यांच्या खुना धरून. खाली साहेब उभा हुता. म्हनला, ह्या गड्याचं उजवीकडचं वळान लय ब्येस हाय."

तात्याबानं विचारलं, "मग?"

"मग काय. येत्या हिवाळ्याला शाळंत नवी पोरं येत्याल. त्यास्नी पिट्टू भरायला म्या शिकवायचं. आन् उजवीकडं वळायला."

धोंडुबाई उंबऱ्यातच खाली बसली. बनाबाईनं विचारलं, "मग कनीकराम कुनाला म्हनायचं आता?" आकाराम म्हणाला, त्याला अजून कुणी सापडलं नाही, पण पोरं आली की सापडेल.

बयाबाई भाकरी हातात धरून उभी होती. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. वजन तिनं बरोबर केलं होतं, तसूभरही चूक नव्हती. पण एका बाजूला लाडू आणि दुसऱ्या बाजूला चटणी असं कुणी घोडीवर भरलं असतं, आणि घोडीला वाटेत मागं वळून खाता आलं असतं, तर घोडीनंही हेच केलं असतं.

"चूक माजी झाली," ती म्हणाली. "फुडल्या खेपंला दोनी खिशात लाडू. आन् दोनी खिशात चटनी."

"आन् तांब्या?" तात्याबानं विचारलं.

"त्यो पुढल्या घोड्यावर, मामंजी."

एवढं बोलून तिनं जीभ चावली, पदर पुढं ओढला आणि ती वाळकी भाकरी वरवंट्यानं फोडायला आत निघून गेली.